अमेरिकेतलं होम सायन्स: बायकांना अडकवणारा विषय की उभं करणारा?

मेधा_आयोवा
परवा ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, "अमेरिकेतलं होम सायन्स म्हणजे शिकलेल्या बायकांना पुन्हा चुलीपुढे बसवायचा डाव." मला हे अजिबात पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ आठवा. सैनिकांच्या शिक्षणाचा १९४४ चा कायदा झाला आणि कॉलेजं युद्धावरून परतलेल्या तरुणांनी भरून गेली. नवरा-बायको दोघांनाही एकाच विद्यापीठात नोकरी नाही, हा नियम कितीतरी ठिकाणी होता. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मेयर यांचा नवरा शिकागो विद्यापीठात प्राध्यापक, म्हणून त्या तिथे बिनपगारी शिकवत होत्या. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद त्यांना मिळालं १९६० मध्ये, सॅन डिएगोला. तीनच वर्षांनी नोबेल!

त्याच काळात होम सायन्सच्या विभागांत बाई विभागप्रमुख होती, डीन होती. प्रयोगशाळेचा पैसा कुठे खर्च करायचा, हे ती ठरवायची. अ‍ॅग्नेस फे मॉर्गन यांनी १९१४ मध्ये शिकागोहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि पुढच्या वर्षी त्या कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेल्या. १९५४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या तिथे होम सायन्सच्या विभागात होत्या, जीवनसत्त्वांवर संशोधन करत. याला चूल म्हणायचं?

चौकस
मेधाताई, मॉर्गनबाईंचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. रसायनशास्त्राची डॉक्टरेट असलेल्या बाईला रसायनशास्त्राच्या विभागात का नाही जाता आलं?

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचं बघा. १९११ मध्ये मार्था व्हॅन रेन्सेलर आणि फ्लोरा रोझ यांना प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न आला. तिथल्या प्राध्यापक मंडळाचा ठराव असा की, बायकांना प्राध्यापक करण्याला आम्ही एरवी अनुकूल नाही, मात्र गृहअर्थशास्त्रात (होम सायन्सचं तिथलं नाव, 'होम इकॉनॉमिक्स') हरकत घेणार नाही. म्हणजे परवानगी होती ती एका खोलीपुरती. युद्धानंतरही बहुतेकींना तीच खोली मिळाली. शिवाय अनाथालयांतून बाळं आणून विद्यार्थिनींनी पाळीपाळीने ती सांभाळायची, असाही अभ्यासक्रम तिथे होता. रोज नवा हात अंगावरून फिरणाऱ्या त्या बाळांचा विचार केला की मला त्या विषयाचं कौतुक करवत नाही.

रानवारा
तुम्ही दोघंही विद्यापीठाच्या आवारातच फिरताय. मी कृषी विज्ञान केंद्रात गृहविज्ञानाचं काम करते, म्हणून मला गावोगाव जाणाऱ्या बायकांबद्दल बोलायचंय.

१९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अमेरिकेत कृषी विस्तार सेवा, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यांच्या घरापर्यंत नेणारी यंत्रणा, उभी राहिली. तिच्यात जिल्ह्याजिल्ह्याला 'होम डेमॉन्स्ट्रेशन एजंट' बाई असे. भाज्या-फळं डबाबंद कशी करायची, वीज आल्यावर स्वयंपाकघर कसं मांडायचं, हिशेब कसा ठेवायचा, हे ती दाखवायची. दिवसभर गाडी चालवायची, संध्याकाळी महिला मंडळ. शेतकऱ्याच्या घरात नवऱ्याला न विचारता थेट बाईशी बोलणारी सरकारी माणूस तीच होती. या कामाचं मोल प्राध्यापकपदाने मोजू नका.

पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या एजंट बाईंची यंत्रणा वेगळी, पगार कमी, साधनं तुटपुंजी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दोन्ही यंत्रणा एक केल्या, तेव्हा अनुभवी काळ्या कार्यकर्त्यांना गोऱ्यांच्या हाताखाली टाकलं. अलाबामात हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७१ च्या निकालात भेदभाव सिद्ध झाला. 'बायकांना दार उघडलं' म्हणताना कोणत्या बायकांना, हे आधी सांगा.

मेधा_आयोवा
रानवारा, हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. चूक माझी.

तरीही फ्लेमी किट्रेल यांचं नाव घेते. पोषणशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री, कॉर्नेल, १९३६. १९४४ पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात होम सायन्सच्या विभागप्रमुख. १९४७ मध्ये त्यांनी लायबेरियात लोकांच्या आहाराची पाहणी केली. पोट भरूनही अंगाला पोषण नाही, अशी 'लपलेली भूक' त्यांनी दाखवून दिली. १९५० मध्ये त्या अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर बडोद्याला आल्या आणि तिथलं होम सायन्स उभं करायला हातभार लावला. तेव्हा बडोद्याच्या कुलगुरू हंसा मेहता होत्या! त्या दोघींना खोलीत कोंडलेल्या बायका म्हणवेल तुम्हाला?

आणि चौकस, ती खोली तरी बायकांकडे राहिली का? १९६८ मध्ये कॉर्नेलच्या त्या कॉलेजला पुरुष डीन आला, १९६९ मध्ये 'होम इकॉनॉमिक्स' जाऊन नाव झालं 'ह्यूमन इकॉलॉजी' (मानवी परिसरशास्त्र). विषयाला वजन आणायचं म्हणून आधी बाई गेली आणि मग नावातलं 'घर'.

चौकस
किट्रेलबाईंबद्दल मला माहीत नव्हतं, वाचतो. पण नाव बदललं याचं मला दुःख नाही. १९७२ च्या कायद्याने शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी घातल्यावर मुलींना रसायन, अर्थशास्त्र, कायदा असं हवं तिथे जाता येऊ लागलं. मला ते दार जास्त मोलाचं वाटतं.

रानवारा
आणि गावातल्या बाईकडे कोण जाणार, दादा?