सोसायटीच्या वॉचमनच्या पगाराचं काय करायचं?

सेक्रेटरी (बी-२०१): राम राम मंडळी. दोघं वॉचमन काल भेटले. तीन वर्षं झाली, ९,००० वरच आहेत. वाढवा म्हणायलेत.

ए-१०२: म्हणजे मेंटेनन्स वाढणार. सरळ सांगा ना.

सी-३०१: दिवाळीला बोनस दिला की त्यांना!

ए-३०४: दादा, ती अर्धा किलो सोनपापडी होती 😀

बी-१०३: ५०० वाढवा अन् विषय मिटवा. महागाई सगळ्यालाच आहे.

ए-३०४: काका, राग मानू नका. तुम्ही पोस्टातून रिटायर. शिमल्याचं सरकारी लेबर ब्युरो दर महिन्याला महागाईचा निर्देशांक काढतं, त्यावरून जानेवारीत अन् जुलैत तुमच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता ठरतो. जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. मागायला जावं लागलं का कुणाकडं?

बी-१०३: नाही. पण करोनात जानेवारी २०२० पासून १८ महिने गोठवला होता, थकबाकी काही दिली नाही. तेबी लिहा की.

सी-२०२: अण्णा, तुमचा गोठला तरी होता! मी कंपनीत ३० वर्षं काढली. आमच्या ईपीएस, म्हणजे पीएफवाल्या पेन्शनला महागाई भत्ताच नाही. किमान १,००० रुपये ठरले सप्टेंबर २०१४ ला. तेव्हा त्यात गॅसची टाकी यायची का, आता येते का, तुम्हीच बघा. म्हणून म्हणतो, वॉचमनला उगं ५०० वर वाटेला लावू नका.

ए-३०४: वर्षाला ५ टक्के महागाई धरली तरी ९,००० चे आता १०,४०० होतात. एवढं देऊन वाढ काहीच नाही, जुना पगार जागेवर येतो फक्त. दोघांचे २,८००, फ्लॅट २४. घरटी ११७ रुपये.

ए-१०२: दर महिन्याला??

सी-२०२: उन्हाळ्यात टँकर ९०० चा १,२०० झाला, तेव्हा तर लगेच पैसे टाकले तुम्ही.

ए-१०२: पाण्याशिवाय कसं भागंल?

बी-४०१: ड्युटी १२ तासांची आहे, हे पण बघा. राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाईप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो. सेक्रेटरी, कामगार कार्यालयात जाऊन आताचा आकडा विचारा. १०,४०० सुद्धा कमी पडतील असं वाटायलंय मला.

सी-३०१: त्यापेक्षा कॅमेरे बसवा.

सी-२०२: कॅमेरा रात्री दोनला टँकरचा पाईप धरंल का?

बी-१०३: बरं, ११७ ला माझी हरकत नाही. पण दर जानेवारीत आपोआप वाढवायचं असं रजिस्टरात लिहून ठेवा. त्यांनी दरवेळी दारात येऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

सेक्रेटरी (बी-२०१): रविवारी १० वाजता पार्किंगमधी बसू. आकडा विचारून येतो. ए-१०२, तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय, तेवढा घेऊन या.