सायलेन्सर बदलल्यापासून बुलेट फटाके फोडतेय, पिकअप गेला. मदत हवी आहे (सातारा)

शाहूपुरी_३५०:
मागच्या रविवारी सायलेन्सर बदलला. तेव्हापासून ॲक्सिलेटर सोडला की फाट् फाट् फाट्. उताराला तर माणसं वळून बघतात. चढाला ओढत नाही, मधेच दम लागल्यासारखी थांबते आणि मग झटका देऊन सुटते. प्लग काढून बघितला, पांढराफटक. मेस्त्री म्हणतो लीन झालीय, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, जेट (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकू. कितीचा टाकायचा तेवढं सांगा. शनिवारी कासला जायचंय.

मिरज_जंक्शन:
साल कुठलं? कार्ब्युरेटर की इंजेक्शन? नुसता मागचा डबा बदलला की इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाईपसकट? एअर फिल्टर मूळचाच आहे का? पाय न दाखवता चपलेचा नंबर विचारतोय तू भावा.

खंबाटकी_किंग:
जेट बिट सोड. ईसीयू, म्हणजे इंजेक्शनचा कॉम्प्युटर, रिमॅप करून घे. मी पुण्यात केला, गाडी नुसती पळते.

मिरज_जंक्शन:
कार्बची निघाली तर रिमॅप कशाचा करणार, कार्बमधल्या फ्लोटचा?

शाहूपुरी_३५०:
क्लासिक ३५०, २०१४ ची. कार्बच. सायलेन्सर बदलला म्हणजे सगळा सेटच की, बेंडसकट. जेटचा नंबर कुणी सांगेल का?

नियमाने_चला:
पोवई नाक्यावर अडवलं की कळेल कितीचा जेट ते. मोटार वाहन कायदा, कलम १९०(२). दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्सही अडकतं. आमच्या गल्लीत रात्री अकराला असले आवाज चालू असतात, घरात म्हातारी माणसं आहेत.

कृष्णाकाठ:
मूळचा सायलेन्सर विकायचाय का? मी सांगलीला आहे, येऊन घेऊन जाईन.

घाटवाट:
कासला वर हवा विरळ असते. म्हणून लीन होते गाडी. खाली आलास की आपोआप नीट होईल.

मिरज_जंक्शन:
उलटं. कास साधारण १२०० मीटरवर आहे. हवा विरळ म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी, म्हणून कार्बची गाडी वर रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त. आणि तो अजून कासला गेलेलाच नाही, शनिवारी जाणार आहे. नीट वाचत जा.

घाटवाट:
मी पंधरा वर्षं यवतेश्वरचा घाट चढतोय. मला शिकवू नका.

खंबाटकी_किंग:
सगळा दोष इथेनॉलचा. ई-२० आल्यापासून एक गाडी धड नाही.

टॅपेट_तात्या:
त्यात थोडं तथ्य आहे. एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉल घातलं की साडेतेराच्या आसपास. जेट तोच ठेवला तर जुनी कार्बची गाडी जराशी लीनच चालणार. पण पोरा, आदल्या शनिवारी याच पेट्रोलवर गाडी नीट होती ना? मग रविवारी काय काय बदललं ते आठव.

आता माझं ऐक. जेटला हात लावायच्या आधी, बेंड पाईप इंजिनाच्या हेडला जिथं बसतो तिथलं पॅकिंग बघ. जुनंच पॅकिंग परत बसवलं तर ते चेपलेलं असतं, सील धरत नाही. ॲक्सिलेटर सोडला की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपात फुटतं. तेच तुझे फटाके. गाडी थंड असताना चालू कर, जोडावर साबणाचं पाणी सोड. बुडबुडे आले की समज. जोडाजवळ काळा फराटा दिसला तरी तेच.

दुसरं, कार्ब आणि हेडच्या मधलं रबर. भेगाळलं असेल तर तिथूनही हवा खाते. आयडलला कार्ब क्लिनरचा जरासा फवारा मार, आवाज बदलला की रबर गेलं. गरम सायलेन्सरवर उडवू नको, पेट घेईल.

आणि चालवताना चोक अर्धा ओढून बघ. ओढल्यावर सुधारली तर खरंच लीन आहे. बिघडली तर लीन नाही, दुखणं दुसरीकडं आहे.

शाहूपुरी_३५०:
तात्या, पॅकिंग जुनंच आहे. मेस्त्री म्हणाला चालतंय. चोक ओढल्यावर सुधारते. आणि अजून एक, फिल्टरचा डबा काढून कोनवाला फिल्टर लावलाय. त्याच दिवशी. त्याचा काय संबंध असेल असं वाटलं नाही.

मिरज_जंक्शन:
पहिल्याच उत्तरात काय विचारलं होतं मी?

टॅपेट_तात्या:
अरे देवा. संबंध नाही कसा? तो कार्ब व्हॅक्यूमवर पिस्टन उचलतो. डबा काढला की हवेचा हिशोबच बदलला, म्हणून तो मधला दम. आधी डबा परत बसव, नवं पॅकिंग टाक, मग प्लग बघ. तरी पांढरा आला तर मिक्स्चरचा स्क्रू. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर रिच होते, फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घेतल्यावर. अर्धे मेस्त्री इथंच चुकतात. जेट सगळ्यात शेवटी, आणि एकेक नंबरनंच.

खंबाटकी_किंग:
एवढं करण्यापेक्षा इंजेक्शनवाली घे.

शाहूपुरी_३५०:
काल नवं पॅकिंग टाकलं, डबा बसवला. फटाके जवळजवळ गेले, खूप लांब उताराला एखादा होतो. चढाला ओढते. पण पन्नास-साठच्या मधे अजून जरा अडखळते. प्लग पिवळट-पांढरा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे आणि मेस्त्रीनं तो आत घेतला होता, रिच करायला म्हणून.

टॅपेट_तात्या:
बघ. अर्धा फेरा बाहेर काढ आणि दहा किलोमीटर चालवून प्लग दाखव. फोटो उजेडात काढ.

नियमाने_चला:
आवाजाचं काय?

कृष्णाकाठ:
जुन्या सायलेन्सरचं काही बोलला नाहीत.

शाहूपुरी_३५०:
देणार नाही दादा. पासिंगला लागेल. आणि घरी आई म्हणते तोच परत लाव.