एक्सेलमध्ये प्रत्येक शीटला हेडर-फुटर वेगळंच येतंय, काय करू?

बी_विंगचा_खजिनदार:
नमस्कार मंडळी. सोसायटीचे हिशोब एकाच एक्सेल फाइलमध्ये आहेत, एप्रिल ते मार्च १२ शीट्स, शिवाय सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी) आणि थकबाकीदारांची यादी. सप्टेंबरच्या आत एजीएम (वार्षिक सभा) उरकायचीय आणि ऑडिटर म्हणतात सगळं एका गठ्ठ्यात द्या, प्रत्येक पानावर सोसायटीचं नाव आणि खाली सलग पान नंबर. एप्रिलला हेडर-फुटर (पानाच्या वरचा-खालचा ठरावीक मजकूर) लावलं, प्रिंट काढली, तर मेपासून पुढे सगळं कोरं! मग एकेका शीटला हाताने लावत बसलो तर कुठे अक्षर मोठं कुठे मुंगीएवढं, आणि दर महिन्याला पान परत १ पासून सुरू. अजून एक गंमत, आमच्या नावात 'ए&बी विंग्स' आहे, इंग्रजी अक्षरांत, तर छापून येताना बी गायब आणि विंग्स ठळक. प्रिंटरवाला म्हणतो ड्रायव्हर बदला. खरंच बदलावा लागेल का?

टॅलीवाली_ताई:
ड्रायव्हरला हात लावू नका दादा, त्याचा काही संबंध नाही. एक्सेलमध्ये हेडर-फुटर फाइलचं नसतं, त्या त्या शीटचं असतं, सगळा घोळ तिथेच आहे. एप्रिलच्या शीटवर उभे राहा, खाली टॅबवर राइट क्लिक करून सिलेक्ट ऑल शीट्स करा, मग पेज लेआउटमधून पेज सेटअपचा डायलॉग उघडा (तो कोपऱ्यातला बारका बाण), तिथे हेडर-फुटर बघा आणि ओके. अशी एकत्र निवडलेली शीट्स म्हणजे ग्रुप, सगळ्यांना एकदम लागतं. पण यात एक मेख आहे, नुसतं हेडर नाही, एप्रिलची मार्जिन, स्केलिंग, उभं-आडवं पान सगळंच बाकीच्यांवर जातं, म्हणजे सिंकिंग फंडाचं शीट लँडस्केप असेल तर ते उभं होऊन बसेल. कंट्रोल दाबून त्याच्या टॅबवर क्लिक करा, ते ग्रुपमधून काढा आणि वेगळं करा. आणि काम झालं की अनग्रुप करायला अजिबात विसरू नका! ग्रुप तसाच ठेवून एका सेलमध्ये आकडा टाकलात तर तोच आकडा बाराही महिन्यांत त्याच सेलमध्ये जाऊन बसतो आणि मग ताळेबंद जुळवत रात्र काढा.

बीचं कोडं सोपंय. हेडरमध्ये & हे एक्सेलला हुकूम वाटतं, त्याच्यापुढे बी आला की तो म्हणतो बोल्ड करा. & दोनदा लिहा, म्हणजे एकदा छापलं जाईल.

छापखाना_नाना:
ताईंनी मुख्य ते सांगितलंच आहे, मी पान नंबर आणि अक्षराचं सांगतो. एकेक शीट वेगळं प्रिंटला पाठवलंत तर नंबर १ पासूनच येणार. प्रिंटच्या खिडकीत प्रिंट एन्टायर वर्कबुक निवडा आणि पेज सेटअपमध्ये फर्स्ट पेज नंबर ऑटो ठेवा, कुठल्या शीटला तिथे १ टाकलेला असेल तर तिथून परत १ सुरू होतं. शीट्सचा प्रिंट क्वालिटीचा डीपीआय (छपाई किती बारीक ते) वेगवेगळा असला तर कधीकधी एक्सेल एकाच गठ्ठ्याचे दोन-तीन जॉब करतं आणि नंबर तुटतात, तेही एकदा बघून घ्या.

अक्षर लहान-मोठं होतंय कारण प्रत्येक शीट वेगळ्या टक्क्यांनी आक्रसतंय आणि हेडरही त्याच्याबरोबर आक्रसतं. हेडर-फुटरच्या टॅबवर स्केल विथ डॉक्युमेंटची खूण आहे ती काढा, मग शीट ६० टक्के होवो नाहीतर ९०, हेडर आपल्या मापात राहतं.

तारखेचं बटण मात्र दाबू नका. ते छापल्या दिवसाची तारीख टाकतं, दुसऱ्यांदा प्रिंट काढली की तारीख बदलली, ऑडिटर विचारत बसतील. '३१ मार्च अखेर' असं वर्षासकट हाताने लिहा.

श्रीलिपीग्रस्त:
हेडर मराठीत असेल आणि जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करत असाल तर हेडरला फॉन्ट वेगळा सांगावा लागतो, शीटचा फॉन्ट तिथे आपोआप येत नाही. कस्टम हेडरमध्ये मजकूर सिलेक्ट करून ए लिहिलेलं बटण दाबून फॉन्ट द्या, नाहीतर अगम्य चिन्हं छापून येतात. त्यापेक्षा सरळ युनिकोड (मोबाइलवर असतं तसं मराठी टायपिंग) वापरा बुवा, किती दिवस ओढणार ते जुनं लफडं.

बी_विंगचा_खजिनदार:
ताई, नाना, जमलं! & दोनदा टाकल्यावर बीसुद्धा आला. आता एकच, थकबाकीची यादी तीन पानं जाते, तिथे वरच्या रकान्यांची नावं पहिल्याच पानावर येतात.

टॅलीवाली_ताई:
ते हेडरमध्ये टाकू नका, त्यासाठी प्रिंट टायटल्स आहे. रोज टू रिपीट ॲट टॉपमध्ये त्या ओळी निवडा. ग्रुप सोडून फक्त त्या एका शीटवर करा, आणि पेज लेआउटमधूनच. ग्रुपमध्ये असताना किंवा प्रिंट प्रिव्ह्यूतून उघडलं तर ती चौकट फिकी दिसते, क्लिकच होत नाही. नवीन वर्षाचं शीट करताना अधिकच्या चिन्हावर न जाता मार्चच्याच शीटची कॉपी करा, मूव्ह ऑर कॉपीमध्ये क्रिएट अ कॉपीला टिक करून, हेडर-फुटर सोबत येतं.

फुकट_ऑफिस:
लिब्रे ऑफिसवाल्यांना (एक्सेलसारखंच फुकट सॉफ्टवेअर) हा त्रासच नाही हो. तिथे हेडर पेज स्टाइलला (पानाच्या मांडणीच्या साच्याला) असतं आणि सगळ्या शीट्सची स्टाइल मुळात एकच असते, एकदा बदललं की सगळीकडे बदललं.

छापखाना_नाना:
बरोबर आहे, पण ऑडिटरला एक्सेलची फाइलच हवी असते ना. शिवाय सोसायटीतले बाकीचे लोक लिब्रे उघडल्या उघडल्या विचारतात हे काय नवीन.