मदत हवी आहे: शाळेच्या टेनिस टीममध्ये नंबर कसा ठरतो?

नमस्कार मंडळी, आम्ही नेरुळचे. लेक नववीत, शाळेच्या टेनिस टीममध्ये. सरांनी फळ्यावर एक ते सहा नावं लावलीत. खालच्याने वरच्याला आव्हान द्यायचं, जिंकलं की जागा बदलायची. शनिवारी हिने दोन नंबरवालीला ६-४ने हरवलं, त्या आनंदात पाण्याची बाटली कोर्टावरच विसरून आली. सोमवारी यादीत नाव कुठे? डबल्समध्ये! सर म्हणे, "नेटवर हात चांगला आहे." असेलही. पण डेव्हिस कपमध्येसुद्धा (देशादेशांमधली टेनिस स्पर्धा) वरच्या रँकिंगवालाच एक नंबरची सिंगल्स खेळतो ना? मग आव्हानाची मॅच कशाला? आणि तगड्या खेळाडूला मुद्दाम खालच्या नंबरवर उतरवलेलं चालतं का? कुणाची मुलं खेळत असतील तर सांगा. सरांशी भांडायचं नाहीये, नीट विचारायचंय.