मदत हवी आहे: लिनक्समध्ये नेटवर्क कार्ड दिसतं, पण ड्रायव्हर जोडला जात नाही

मंडळी, दोन दिवस इथेच अडकलोय. जुनं पीसीआय नेटवर्क कार्ड बसवलंय. 'एलएसपीसीआय -एनएनके' (पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं की यादीत येतं, वर्गही बरोबर दिसतो: ०२००, म्हणजे इथरनेट. पण खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही.

भिंग घेऊन चिपवरचा नंबर वाचला. हीच चिप असलेलं दुसरं कार्ड त्याच स्लॉटमध्ये घातलं की लगेच चालतं, म्हणजे स्लॉट आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक. फरक फक्त आयडीत आहे. चालणाऱ्या कार्डावर चिप बनवणाऱ्या कंपनीचा व्हेंडर आयडी येतो (इंटेलचा ८०८६ असतो तसा), न चालणाऱ्यावर कार्ड विकणाऱ्या कंपनीचा. डिव्हाइस आयडीही (मॉडेलचा आकडा) वेगळा.

चिप तीच असूनही ड्रायव्हर नुसत्या आकड्यांवरून कार्ड नाकारतो का? कर्नल (लिनक्सचा गाभा) पुन्हा कंपाइल न करता त्याला हे कार्ड ओळखायला लावता येईल का?

उत्तर

हो, आकड्यांवरूनच. चिपवर काय छापलंय ते कर्नलला दिसत नाही. त्याला दिसते कार्डाची कॉन्फिगरेशन स्पेस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारी ठरलेली जागा, आणि तिच्या पहिल्या चार बाइटमध्ये हेच दोन आयडी असतात. प्रत्येक ड्रायव्हरजवळ चालणाऱ्या आयडींचा तक्ता असतो, त्यात तुमची जोडी नाही. विंडोजमध्येही असंच, तिथे तक्ता आयएनएफ फाइलमध्ये असतो.

नुसता वर्ग बघून ड्रायव्हर का जोडत नाहीत? कारण ०२०० एवढ्यावरून चिपमधलं कोणतं रजिस्टर (ड्रायव्हर जिथे वाचतो-लिहितो तो कप्पा) कुठे आहे हे कळत नाही. एनव्हीएमईमध्ये (एसएसडी जोडण्याची पद्धत) रजिस्टरांची मांडणी प्रमाणित आहे, म्हणून तिथला ड्रायव्हर वर्ग बघूनही जोडला जातो. इथरनेटला ती सोय नाही.

आधी 'मॉडप्रोब' या आज्ञेने ड्रायव्हर लोड करा. मग रूट (प्रशासक) होऊन सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) त्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या 'न्यू_आयडी' फाइलमध्ये व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी मध्ये जागा सोडून लिहा. काही ड्रायव्हर चिपची उपजातही तक्त्यातूनच घेतात, तिथे एवढं पुरत नाही. आणि चिप खरंच तीच असल्याची खात्री असेल तरच करा, नाहीतर ड्रायव्हर भलत्याच रजिस्टरमध्ये लिहील. जोडला गेला की मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा नेटवर्क पत्ता) तपासा.

मूळ धागाकर्ता

चाललं! लिंकचा दिवा लागला आणि मॅक पत्ता कार्डाच्या स्टिकरवरचाच आला. मनापासून आभार. रीबूट केल्यावर मात्र ही नोंद पुसली गेली, त्यामुळे हा आयडी तक्त्यात घालायचा पॅच (ड्रायव्हरच्या कोडमधला बदल) आजच लिहायला घेतो.