क्रिस्टल माइक आणि भुसावळचा मे महिना

माउथ ऑर्गन वाजवायला जुना क्रिस्टल बुलेट माइक (मुठीत धरायचा, बंदुकीच्या गोळीसारखा गोलसर माइक) मागवायचं म्हणताय, तेही भुसावळात राहून? त्यातला आवाज टिपणारा रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक साधारण ५५ अंशांनाच खराब व्हायला लागतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एवढं तापमान सहज होतं. त्यापेक्षा साधा डायनॅमिक माइक (स्फटिकाऐवजी चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा) घ्या, शुअर एसएम५८ सुद्धा चालेल. वरची जाळी फिरवून काढली की मुठीत नीट बसतो, आणि माउथ ऑर्गनसकट दोन्ही तळव्यांत गच्च झाकला की टोचणारा कर्कशपणा जाऊन आवाज जाड येतो. फक्त जाळी काढल्यावर उघड्या पडलेल्या कॅप्सूलला, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाला, थुंकी लागू देऊ नका. गिटार अ‍ॅम्पला जोडायचा तर मध्ये इम्पीडन्स ट्रान्सफॉर्मर (माइक आणि अ‍ॅम्प यांचा विद्युत मेळ घालणारा जोड) हवाच, नाहीतर आवाज मरतुकडा. आणि हो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल तर साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा. असा झाकलेला माइक लगेच शिट्टी मारतो.