माजी विद्यार्थी संघ गुंडाळावा का? बॅचचे ग्रुप आहेत की आता!

जुना_मॉनिटर

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारिणीने सर्वसाधारण सभेपुढे ठराव ठेवलाय. संघ विसर्जित करायचा, सहामाही वार्तापत्र बंद करायचं आणि खात्यातली शिल्लक शाळेच्या हवाली करून मोकळं व्हायचं. कारण काय, तर प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, बातमी तिथे त्याच दिवशी कळते, मग सहा महिने शिळ्या बातम्या छापून वाटायच्या कशाला, शिवाय पदं घ्यायला कोणी पुढे येत नाही वगैरे.

माझा ठरावाला विरोध आहे. बॅचच्या ग्रुपवर बॅचचंच कळतं. वर्गातल्या कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, कोणाची बदली झाली, हे सगळं ठीक. पण शाळा काही एका बॅचची नसते. मागच्या एका अंकात आमच्या गणिताच्या बाईंवर तीन वेगवेगळ्या बॅचच्या लोकांनी लिहिलं होतं. एकाने नुकत्या नोकरीला लागलेल्या बाई पाहिल्या होत्या, वर्गात पाऊल ठेवलं की चिडीचूप, चुकलं तर फळ्यापाशी उभं करणार. दुसरीच्या वेळी त्यांची स्वतःची मुलं त्याच शाळेत होती आणि त्यांना जास्त ओरडा बसायचा म्हणे. तिसरा त्यांच्या निवृत्तीच्या वर्षीचा, त्याने लिहिलंय की बाई उत्तर चुकलं तरी पद्धत बरोबर असेल तर अर्धे मार्क द्यायच्या. आम्हाला कधी पाव मार्क दिला नाही हो! पण एक अख्खं माणूस डोळ्यासमोर आलं, ते आमच्या ग्रुपवर जन्मात आलं नसतं, कारण आमच्या ग्रुपला फक्त कडक बाईच माहीत आहेत.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? संघ हवा का नको, मोकळेपणाने लिहा.

शेवटचा_बाक

मॉनिटरसाहेब, बाईंचं वाचून बरं वाटलं पण माझं मत उलटं आहे, गुंडाळाच. आमच्याकडचं वार्तापत्र उघडलं की पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, मग उपाध्यक्षांचं मनोगत, मग सत्कार, सत्काराचे फोटो, फोटोत परत अध्यक्षच. आणि बातमी कोणाची, तर जो परदेशात गेला, जो मोठा डॉक्टर झाला, जो कुठल्याशा कंपनीत व्हीपी झाला त्याची. बाकीचे काय शाळेत नव्हते का?

आता माझं ऐका. मी आठवीनंतर शाळा सोडली, घरची कारणं होती, जाऊदे. बऱ्याच वर्षांनी सभासद व्हायला गेलो तर फॉर्मवर रकाना, 'शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे वर्ष'. मी तिथे काय लिहू? टेबलावर जो बसला होता त्याने फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला नियमात बसत नाही. आठ वर्षं त्याच बाकांवर बसलो की राव मी! आणि बॅचच्या ग्रुपमध्ये? पोरांनी नंबर मिळवला, अ‍ॅड केलं, संपलं. कोणी मार्कशीट मागितली नाही. त्यामुळे मला संघाचं प्रेम शिकवू नका.

जुना_मॉनिटर

@शेवटचा_बाक फॉर्मचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटलं, तो रकाना काढलाच पाहिजे. ज्याचं नाव कधीतरी हजेरीपटावर लागलं तो माजी विद्यार्थी, विषय संपला. पण फॉर्म वाईट म्हणून संघ मोडायचा हे नाही पटत.

शेवटचा_बाक

फॉर्म आपोआप वाईट होत नाही ना. तो कोणीतरी बनवलेला असतो, मग दरवर्षी तोच छापला जातो आणि कोणाला काही खटकत नाही, कारण ज्यांना खटकलं असतं ते आत येतच नाहीत.

जमाखर्च

मी आमच्या संघाचा खजिनदार होतो त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो, सहन करा. ठरावात 'शिल्लक शाळेला देऊन टाकायची' असं जे वाक्य आहे ते वाटतं तेवढं सोपं नाही. खात्यातला सगळा पैसा एका जातीचा नसतो. काही वर्गणीचा असतो, काही कार्यक्रमातून उरलेला, आणि काही स्मृतिनिधीचा. कोणीतरी आईच्या नावाने रक्कम दिलेली असते, अट अशी की मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी अमुक विषयात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यायचं. देणारा माणूस कधीच गेलेला असतो. संघ मोडला तर ती अट पाळायची कोणी? शाळेच्या सर्वसाधारण खात्यात ते पैसे मिसळले की पुढच्या मुख्याध्यापकांना हे बक्षीस होतं हेच कळणार नाही. संघाच्या घटनेत विसर्जनाचं कलम असतं, सभेला जायच्या आधी ते वाचा. रक्कम सभासदांत वाटता येत नाही, सारख्या उद्देशाच्या संस्थेला द्यायची, असं त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट आजीव सभासदत्वाची. संघ कंगाल होतात ते यामुळे. एकदाच पैसे घ्यायचे आणि पुढची पन्नास वर्षं त्या माणसाला अंक पाठवायचा, निमंत्रण पाठवायचं, टपालखर्च करायचा. ती रक्कम राखीव ठेवून नुसतं व्याज खर्च केलं तर गाडी चालते, पण होतं असं की शाळेच्या सुवर्णमहोत्सवात जोरदार नोंदणी होते आणि सगळे पैसे त्याच वर्षीच्या मांडवात जातात! मग पुढच्या समितीच्या गळ्यात नुसती यादी. शिवाय मुद्दल जपलं तरी महागाई आहेच, सहा टक्क्यांनी धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. जुन्या निधीच्या व्याजात आता प्रमाणपत्राची फ्रेमसुद्धा येत नाही, सगळे निधी एकत्र करून एकच धड शिष्यवृत्ती द्यावी म्हटलं तर देणगीदाराच्या घरचे विचारतात आमचं नाव कुठे गेलं.

तर माझं मत, संघ ठेवा, पण आजीव सभासदत्व बंद करून वार्षिक वर्गणी लावा. दरवर्षी मागावी लागली की निदान हिशेब द्यायची सवय राहते.

तिसरी_घंटा

@जमाखर्च काका, वार्षिक वर्गणी कोण भरणार? आमच्या वयाचे तर नाहीच भरणार, खरं सांगते. आणि भरून मिळतं काय, तर एक सूची, ज्यात माझा मोबाईल नंबर, पत्ता, कुठे नोकरी करते ते सगळं छापलेलं. मला न विचारता! सूची निघाली आणि फोन सुरू, 'मी तुमच्याच शाळेचा, अमुक बॅचचा, पॉलिसी घेतलीय का?' शाळेचं नाव घेतलं की समोरचा फोन कट करत नाही हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं. संघाला कळवलं तर उत्तर काय, अहो आपलाच माणूस आहे, गैरसमज नसावा.

ग्रुपमध्ये निदान मला ब्लॉक करता येतं. आणि सगळी शाळा एकत्र हवी असेल तर व्हॉट्सअपची मर्यादा २०२२ पासून एका ग्रुपला १०२४ माणसं झालीय, वर कम्युनिटी करून बॅचचे ग्रुप एकाखाली एक जोडता येतात. सगळ्यांसाठीची बातमी फक्त अ‍ॅडमिनने टाकायची, बाकी गप्पा आपापल्या ग्रुपवर. संघ, घटना, कोरम, इतिवृत्त वाचून कायम करणे... कशाला हवंय हे सगळं?

माहेरचं_नाव

मला दोन्ही बाजूंना बोलायचंय. घंटाताईने नंबरचं जे लिहिलंय ते बरोबरच आहे, विचारल्याशिवाय छापणं चूकच. पण माझं दुखणं याच्या उलट आहे, मला सूचीत कोणी सापडत नाही. आमच्या वर्गातल्या मुली सूचीत सासरच्या आडनावाने लावल्यात, तेही आडनावाच्या अकारविल्हे. म्हणजे मला माझ्या बाकावरची मैत्रीण शोधायची तर आधी तिचं लग्न कोणाशी झालं हे माहीत पाहिजे, आणि ते माहीत असतं तर मी तिला सूचीत कशाला शोधत बसले असते? मुलगे सगळे जिथल्या तिथे. अर्धा वर्ग असा हरवलाय आणि समितीला पत्ताच नाही, कारण समितीत बाई एकच, ती पण प्रार्थना म्हणायला.

तरीसुद्धा मी ठरावाच्या विरोधात. कारण मुलींच्या बाबतीत ग्रुप काही कामाचा ठरला नाही. ग्रुप मुलांनी सुरू केला, त्यांनी एकमेकांचे नंबर टाकले, मुली आल्या त्या कोणाची बहीण, कोणाची शेजारीण म्हणून. ज्या अशा ओळखीत नव्हत्या त्या नाहीतच. शाळेचा जनरल रजिस्टर मात्र सगळ्यांना धरून असतो, जन्मतारखेसकट. त्यावरून बॅचवार, शाळेतल्या नावाने यादी लावायची, शेजारी आत्ताचं नाव कंसात, आणि संपर्क ज्याने परवानगी दिली त्याचाच, तोही संघाने विचारून द्यायचा, छापायचा नाही. शाळा रजिस्टर बघायला देईल ती संघाला, लेखी अर्जावर. मला किंवा कुठल्या अ‍ॅडमिनला देईल का? नाही देणार आणि देऊही नये.

तिसरी_घंटा

@माहेरचं_नाव ताई हे शाळेतल्या नावाचं कधी लक्षातच आलं नव्हतं. पण हे काम एकदाचं आहे ना, करून झालं की मग संघ बंद करा :)

याहूवाला

इथे सगळे ग्रुप ग्रुप करताय म्हणून लिहितो. आमच्या बॅचची आधी याहू ग्रुपवर मेलिंग लिस्ट होती, काय लिहायचे एकेक जण, लांबलचक मेलं, शाळेच्या सहलीचे स्कॅन केलेले फोटो. मग सगळे ऑर्कुटवर गेले. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद. याहू ग्रुप डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद, जुना मजकूर तर त्याआधीच पुसायला घेतला होता. ज्याने उतरवून घेतलं त्याच्याकडे काहीतरी असेल. इंग्लंडात फक्त शाळासोबती शोधायला काढलेली फ्रेंड्स रियुनायटेड नावाची साइट होती, २००० साली सुरू झाली, लाखो लोक होते, टीव्ही कंपनीने विकत घेतली, २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. दुसऱ्याच्या जागेत संसार मांडला की मालक उठ म्हणाला की उठायचं.

शेवटचा_बाक

@याहूवाला आणि संघाचं दप्तर कुठे असतं ते सांगू का? माजी सचिवांच्या माळ्यावर. ते वारले की मुलगा रद्दीत घालतो. याहूने निदान नोटीस तरी दिली.

याहूवाला

हाहा, हे बाकी खरं. पण त्यावर इलाज आहे, स्कॅन करून एक प्रत शाळेत, एक ग्रंथालयात, आणखी दोघातिघांकडे. बंद झालेल्या साइटवर इलाज नाही.

इतिहासाचा_तास

एक मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ १८२१ सालचा, आजही चालू आहे. तो मेळावे भरवायला निघालाच नव्हता. कॉलेजच्या अध्यक्षांना कॉलेज तिथून दुसरीकडे हलवायचं होतं, ते जमेना तेव्हा ते काही विद्यार्थी घेऊन बाहेर पडले आणि नव्याने निघालेल्या अ‍ॅमहर्स्टचे अध्यक्ष झाले. मागे राहिलेलं कॉलेज टिकतं की नाही अशी वेळ आली, म्हणून माजी विद्यार्थी एकत्र आले. तसा प्रसंग शाळेवरही येतो. पटसंख्या घटली म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायची, मैदानावर इमारत उठवायची, माध्यम बदलायचं, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणार कोण? पस्तीस ग्रुपचे पस्तीस अ‍ॅडमिन? संस्थाचालक पहिला प्रश्न हाच विचारतात की तुम्ही कोण आणि किती जणांच्या वतीने बोलताय. सभासदांची यादी, निवडून दिलेली समिती आणि सभेत झालेला ठराव असेल तर निदान पत्राला पोच मिळते.

शेवटचा_बाक

सर, तेव्हा कॉलेज वाचवायचं होतं. आमच्याकडे काय पेटलंय? आणि बोलायचा अधिकार एकदा मिळाला की लोक कशातही बोलतात हो. गणवेशाचा रंग का बदलला, आमच्या वेळची प्रार्थना का काढली, अमुक शिक्षक का घेतला. शेवटी येतं ते आमच्या नातवाला प्रवेश द्या. तिकडे अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना प्रवेशात झुकतं माप द्यायचे आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ते २०१४ मध्ये बंद केलं आणि जाहीर केलं २०२० मध्ये. शाळा आज जी मुलं तिथे बसतात त्यांची आहे. आपण जेवढे लांब तेवढं त्यांचं बरं.

इतिहासाचा_तास

@शेवटचा_बाक लुडबुडीचं म्हणाल तर मान्य, आमच्याकडेही असे नग आहेत. म्हणून तर घटनेत लिहून ठेवायचं की नेमणुका आणि प्रवेश यात संघाने पडायचं नाही. ग्रुपवर असा नियम लावून बघा, सकाळी लावाल, दुपारपर्यंत तीन जण ग्रुप सोडून गेलेले असतील.

जुना_मॉनिटर

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. मी सभेत उपसूचना मांडतोय. विसर्जन नाही. सभासदत्वाला उत्तीर्ण होण्याची अट नाही. यादी शाळेतल्या नावाने, बॅचवार, संपर्क परवानगीशिवाय नाही. आजीव सभासदत्व पुढे बंद. वार्तापत्र पीडीएफ करायचं, छापील प्रत फक्त जे मागतील त्यांना, आणि मनोगत एकच, तेही अर्ध्या पानाचं. सत्काराच्या फोटोंवर बंदी घालायची फार इच्छा आहे पण मग अनुमोदन कोण देणार!

जमाखर्च

स्मृतिनिधींची यादी अटींसकट अंकात छापा, तेवढं उपसूचनेत घाला. ती एकदा छापून आली की कोणाला 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

माहेरचं_नाव

रजिस्टरवरून यादी उतरवायला मी बसेन, आमच्याकडची. अजून दोघी मिळाल्या तर एका सुट्टीत उरकेल. तुमच्याकडे कोण बसणार ते सभेतच नावानिशी ठरवा, नाहीतर उपसमिती नेमतील आणि झालं.

शेवटचा_बाक

आठवीवाल्याला घेणार असाल तर फॉर्म पाठवा, भरतो. मत मात्र विसर्जनालाच देणार, आत आलो म्हणून बदलणार नाही.